बोळिंज ते होळी : हवा असलेल्या चंद्राच्या शोधात

बोळिंज, मंगळवार, ३ डिसेंबर

बाथरूमच्या जाळीत अडकलेली लोकर काढत बसले होते. लाल लोकर, भुवया कोरायचा चिमटा, एकेक धागा. नवरा बाहेरून दुसऱ्यांदा विचारून गेला की आंघोळ आज आहे की उद्या. लोकर तिथे गेली होती ती शनीच्या चंद्रामुळे. पण हे त्याला सांगून उपयोग नव्हता, कारण सकाळीच सांगून झालं होतं.

तुम्हाला मात्र सांगायला हवं. मी मुंबईतल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं सहायक आहे. भिंगं पुसणं, तारा जोडणं आणि मुलांनी उलट्या जोडलेल्या तारा सुलट करणं हे माझं काम. विद्यार्थी घटले, म्हणून जानेवारीपासून प्रयोगशाळा अर्धी होणार आणि मी तळघरात जाणार असं ठरलं होतं. तळघरात जुन्या उत्तरपत्रिका आहेत. त्यांच्या गठ्ठ्यांवर नंबर घालायचे. मला निवृत्तीला आठ वर्षं आहेत आणि गठ्ठे आठ वर्षं सहज पुरतील असे दिसत होते.

त्याच सुमारास एका विज्ञान केंद्राची जाहिरात आली. येणाऱ्या लोकांना उभ्या उभ्या प्रयोग दाखवून मराठीत समजावणारी माणसं हवी होती, वयाची अट नव्हती. मनापासून मागावी अशी ही आयुष्यातली पहिलीच नोकरी. पहिली फेरी पार पडली. दुसऱ्या फेरीसाठी प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची होती. तिच्यावरचा विषय गुरुवारी सकाळी अकराला, फोनवरच्या व्हिडिओ कॉलवर, रोजच्या वापरातल्या वस्तूंनी दाखवायचा. माझ्या आधीच्या बाईंना लंबक आला. नंतरच्या गृहस्थांना साबणाचा फुगा. मला आलं : ‘वाहता प्लाझ्मा आणि हवा असलेले चंद्र-ग्रह’.

विषय अवघड नाही, फक्त घरात मावत नाही. वायू इतका तापला की त्याच्या अणूंचे विजेने भारलेले तुकडे होतात, की त्याला प्लाझ्मा म्हणायचं. सूर्य तो सतत चहूकडे फुंकत असतो. गुरू-शनीभोवतीही तो असतो आणि त्या ग्रहांबरोबर गरगरत असतो, इतक्या वेगाने की त्यांच्या चंद्रांना तो मागून येऊन गाठतो, हायवेवरच्या ट्रकसारखा. जाताना तो आपल्याबरोबर चुंबकीय रेषा वाहून नेतो. त्या दोऱ्यांसारख्या समजा.

वाटेत आपल्या चंद्रासारखा उघडा, हवा नसलेला गोळा आला तर कण त्याच्यावर आपटून संपतात, दोरे जवळपास तसेच आरपार जातात आणि गोळ्यामागे रिकामी सावली पडते. विषय संपला. पण गोळ्याला हवा असेल, तर तिथून पुढे गंमत असते. वरच्या हवेचे अणू भारले जाऊन त्या प्रवाहात चढून बसतात. प्रवाह जड होतो, मंदावतो. दोऱ्याचा मधला भाग तिथे रेंगाळतो, बाजूचे भाग पुढे पळतात, आणि दोरा त्या गोळ्याभोवती केसांच्या आकड्यासारखा वाकतो.

हे मी बाथरूमच्या टबात दाखवू पाहत होते. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं आणि येताना खोकतं. एका खोकल्यासरशी माझे सगळे चुंबकीय दोरे जाळीत गेले.

संध्याकाळी भाजीला खाली उतरले. हिरा अकरा वर्षं आमच्या गेटबाहेर टोपली घेऊन बसते. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

“हाताला काय जालं ताई? रगत?”

“लोकरीचा रंग.”

“स्वेटर? या उन्हान?”

मी तिला म्हटलं, “मला संथ वाहणारं पाणी हवंय. हातभर रुंद. मध्ये न थांबणारं. गुरुवारी सकाळी.”

तिने मेथीची जुडी झटकली. “मंग नळाखाली कशाला बसता? आमच्या वाडीन या. सिमिटाचा पाट हाय. पंप सोडला का पानी असं जातं, सुनेवानी. खाली मान घालून, आवाज नाय. आमच्या सुनेवानी नाय हां, जुन्या सुनेवानी.”

“तू राहतेस कुठे?”

“होळीला. वसई गावाजवळ.”

अकरा वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला होता. तिच्या लक्षात आलं असणार, पण तिने मेथीत मूठभर कोथिंबीर टाकली आणि लोकरीऐवजी केळीचं सोपट वापरायला सांगितलं. केळीच्या खोडाची साल वाळवून काढलेले हे दोर, पालेभाजीच्या जुड्या त्यांनीच बांधतात. पाण्यावर तरंगतात, असं ती म्हणाली. तिची मैत्रीण रोझी नंदाखालला राहते, तिच्याकडून घ्या, वाटेतच आहे.

रात्री मी बॅग भरली. चहाची गाळणी, सब्जा, एक किलो गूळ, फोनचा स्टँड, आणि हिराला द्यायला डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. हा डबा सातांच्या संचातला चौथा आहे, म्हणून तो तिथेच रिकामा करून लगेच परत आणायचा, असं मी ठरवलं.

नवरा म्हणाला, “होळीला जायला बॅग? उद्या ये परत. बारा किलोमीटर नसेल.”

मी म्हटलं, “कॉल सकाळी अकराला. आदल्या दिवशी मांडून बघायला नको?”

“आणि माझं जेवण?”

“फ्रीज तिथेच आहे.”

नंदाखाल, बुधवार

बोळिंजमध्ये राहणारे आम्ही लोक दक्षिणेला जातो ते केरळला, नारळ बघायला. आमचा शेवटचा टॉवर संपतो तिथून बस पाच मिनिटं पुढे गेली की दोन्ही बाजूंना नारळ आणि केळी सुरू होतात, हे मी वीस वर्षं ऐकून होते. खरं आहे. कुठे पाटी नाही, तिकीट नाही, माणूस उतरला की डोक्यावर झावळ्या.

रोझीबायचं घर बागेच्या पोटात आहे. अंगणात क्रूस, क्रूसाजवळ झेंडू, आणि पायरीवर सोपटाचे वाळत घातलेले दोर. मी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांत दोर घेऊन पुढची बस पकडायची होती.

“बस,” रोझीबाय म्हणाली. पन्नाशीची, माझ्याच वयाची बाई. कंबरेला फडकं, हातात कोयती.

“बसायला वेळ नाही हो. फक्त सोपट हवंय.”

“सोपट कुठे पळून चाललंय? बस.”

चहा आला. चहाबरोबर पाव आला. पाव संपत आला तेव्हा केळ्यांच्या दोन फण्या माझ्या बॅगेशेजारी येऊन बसल्या.

“मी सोपट न्यायला आले होते,” मी म्हटलं.

“मग? सोपट आंब्याचं असतं का? केळीचं सोपट न्यायचं आणि केळी ठेवून जायची?”

फण्या बॅगेत गेल्या. निघताना एक नारळ. मी नको म्हटलं तर तिने तो परत घेतला आणि आत जाऊन मोठा आणला. दुसऱ्यांदा मी नको म्हटलं नाही. बोळिंजमध्ये आम्ही कुणाकडे गेलो तर आधी फोन करतो, मग गेटवर नाव सांगतो, मग वर जातो, आणि घरची माणसं पाणी विचारून टीव्हीचा आवाज कमी करतात. आपण सुटसुटीत बाहेर पडतो. इथून बाहेर पडताना माझा डावा खांदा खाली झुकला होता आणि बस जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती.

होळी, बुधवार दुपार

हिराची वाडी म्हणजे विहीर, विहिरीजवळ पंपाची खोली, तिथून निघालेला सिमेंटचा पाट आणि पाटाच्या दोन्ही बाजूंना अळू, मेथी, वांगी, मागे केळी. मधोमध चिकूचं झाड. झाडाखाली बाहेरची चूल, आणि चुलीशी हिराची सासू. तिला सगळे चांगूमाय म्हणतात. वय ऐंशीच्या आसपास, दात चार, आणि त्या चारांनी ती भाजलेले शेंगदाणे फोडत होती.

मी डबा दिला. तिने लाडू काढून ताटात ठेवले, एक खाल्ला, म्हणाली, “डिंक जास्त जाला, पन बरा हाय.” मी डबा विहिरीवर धुतला, पुसला आणि बॅगेत ठेवू लागले.

“काय करतंस?”

“डबा घेते परत.”

“रिकामा?” तिने शेंगदाणे खाली ठेवले. “हिरा! ही बाई रिकामा डबा घेऊन चालली. आपल्या घरान कोन मेलं काय?”

डबा माझ्या हातातून गेला तो फडताळावर. भरल्याशिवाय तो निघणार नाही, एवढं मला कळलं. हिराने मला बाजूला घेतलं आणि समजूत घातली, “ताई, मागू नका. दिसंल तेव्हा दिसंल.”

दुपारभर आम्ही पाटावर काम केलं. पाणी हिराने सांगितलं होतं तसंच होतं, खाली मान घालून जाणारं. गाळणी पाण्याखाली बसवली. ती माझा बिनहवेचा चंद्र. भिजवलेला सब्जा वरून सोडला तर तो गाळणीत अडकून संपे आणि गाळणीमागे स्वच्छ पाण्याचा पट्टा राही. सोपटाचे दोर मात्र गाळणीच्या वरून तरंगत पुढे जात. खाली थोडं अंतर ठेवून गुळाचा खडा, अर्धा पाण्याबाहेर. तो माझा हवावाला चंद्र. गूळ विरघळून तपकिरी शेपूट खाली पसरे आणि दोर खड्याला मध्यावर अडकून दोन्ही बाजूंनी वाके. विरघळणारा गूळ म्हणजे खरी हवा नव्हे, हे मी बोलताना सांगणार होते. पण डोळ्यांना पटण्यासारखं होतं.

फोन धरायचं काम हिराचा नवरा दामूभाऊ याने घेतलं. स्टँड त्याला पसंत पडला नाही. “माणूस हाय ना,” तो म्हणाला. तालमीत त्याने माझी सहा मिनिटं चित्रित केली. पाहिली तर त्यात साडेचार मिनिटं केळीचे घड होते.

“दामूभाऊ, पाट दाखवायचाय.”

“पाट काय, सगलीकडं असतोय. असा घड दाखवा कुठं!”

रात्री तांदळाची भाकरी आणि वांग्यात जवळा. आमच्याकडे मी जवळा आणत नाही, कारण सुक्या मासळीच्या वासाची लिफ्टमध्ये तक्रार होते. इथे तीन वेळा वाढून घेतला. तिसऱ्यांदा मी मागितला नव्हता.

होळी, गुरुवार

दहा वाजून पन्नास मिनिटांनी पंप सुरू झाला. मी पाटाशी आले आणि पाहिलं. गाळणी जागच्या जागी होती. गूळ नव्हता. गुळाच्या जागी दोन दगडांच्या मध्ये एक अख्खा, न सोललेला नारळ बसवलेला होता.

“गूळ कुठंय?”

चांगूमायने चुलीवरून मान वर केली. तिच्यापुढे पातेलं होतं आणि पातेल्यातून वास येत होता. “काल पान्यान इरघळत व्हता. किलोभर गूळ! उचलला. पाक केला. तांदळाचं पीठ व्हतंच. लाडू वलते.”

“आणि हा नारळ?”

“मंग जागा रिकामी ठेवू?” तिला खरोखर राग आला. “तुजा गूळ घेतला, त्याच्या जागी नारळ ठेवला. आमी कोनाचं फुकट नेत नाय.”

हिराने कपाळाला हात लावला. दुकान लांब होतं. दहा पंचावन्न. मी चार वाक्यं मनात बोलले, जी इथे लिहीत नाही. घरात गुळाचा दुसरा खडा नव्हता. साखर होती, ती पाण्यात दिसणार नव्हती. अकराला एक मिनिट असताना फोन वाजला.

पडद्यावर दोघं होती. एक सर, एक बाई. मी नाव सांगितलं आणि सुरुवात केली. गाळणी, सब्जा, दोर. सब्जा अडकला, दोर वरून गेले, मागे स्वच्छ पट्टा पडला. बाईंनी मान हलवली. पहिला भाग सुरळीत झाला.

“आता,” मी म्हणाले, “ज्या चंद्राला हवा आहे तो.”

त्याच क्षणी पाण्याने नारळ दगडांमधून उचलला. तो डुचमळला, एकदा माझ्याकडे वळला आणि पाटातून ऐटीत अळवाकडे निघाला. दामूभाऊने इमाने इतबारे फोन त्याच्यामागे नेला.

“हा कोणता चंद्र?” सरांनी विचारलं.

“हा सुटलेला,” मी म्हटलं.

सव्वीस वर्षांत मी एक गोष्ट शिकलेय. उपकरण मोडलं की समोर जे उभं असेल ते उपकरण. समोर शेजारच्या चार बायका उभ्या होत्या, नाटक बघायला आल्यासारख्या. बाजूला विहिरीचा लांब दोर गुंडाळलेला होता. वाटेत धुण्याचा दगड होता. आणि झाडाखाली चांगूमाय लाडू वळत होती.

मी बायकांना दोर धरून एका आडव्या रांगेत उभं केलं. दोन टोकांना हिरा आणि त्या चौघींतली तिची जाऊ, मध्ये बाकीच्या तिघी. “हा वारा,” मी फोनला सांगितलं. “या बायका कण, हा दोर म्हणजे चुंबकीय रेषा. सगळ्यांनी सरळ चालायचं. हिरा, टोकाच्या तुम्ही दोघी, काही झालं तरी थांबायचं नाही.”

“कोनी हाक मारली तरी?”

“तरी.”

रांग आधी धुण्याच्या दगडाकडे निघाली. दगडासमोर मधल्या तिघींतली पार्वती आली. तिचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. दगड पाहताच ती त्याच्यावर बसली, “अगं आई गं” म्हणाली आणि दोर सोडला. दोर दगडावरून अलगद पुढे गेला. रांगेत तिच्या जागी मोकळी फट.

“बिनहवेचा चंद्र,” मी सांगितलं. “कण आपटला, तिथेच संपला. रेष निघून गेली. मागे फट आहे बघा, ती सावली.”

“मी संपली नाय,” पार्वती दगडावरून म्हणाली. “बसलीय.”

पुढे चिकूचं झाड. चांगूमायला मी काहीही सांगितलं नव्हतं. गरज नव्हती. मधल्या दोघी चुलीसमोर आल्या मात्र, तिने एकीच्या हातात गरम लाडू ठेवला.

“माय, सोडा, चाललोय,” ती म्हणाली.

“चाल की. खात चाल. पदर धर.” पदरात वांगी पडली. दुसरीच्या पदरातही पडली. मग पहिलीला कमी गेली असं वाटून परत पहिलीच्या. दोघींनी एका हाताने पदर सांभाळला, दुसऱ्या हातात दोर आणि लाडू. चाल पार मंदावली. टोकाच्या दोघी मात्र दिल्या शब्दाला जागून झाडाच्या एका आणि दुसऱ्या बाजूने तरातरा निघून गेल्या. दोर चांगूमायच्या भोवती वाकत गेला, वाकत गेला, आणि दोन्ही टोकं झाडामागे समांतर ताणली गेली.

मी पुस्तकात ती आकृती पन्नास वेळा पाहिली होती. इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती.

“दामूभाऊ, घड नको! दोर दाखवा, दोर!”

“दावतो ना! घडाच्या मागून बरा दिसतोय.”

“हवावाला चंद्र,” मी ओरडून सांगितलं, कारण मी आता फोनपासून लांब होते. “हवेचे अणू प्रवाहात चढले, म्हणजे वांगी पदरात पडली. प्रवाह जड झाला, मंदावला. बाजूचा प्रवाह मोकळा, तो पुढे गेला. रेष वाकली. मागे हे शेपूट. आणि लक्षात घ्या, वांगी आता वाऱ्याबरोबर चालली. चंद्राची हवा अशीच थोडी थोडी जाते.”

फोनमधल्या बाई पुढे झुकल्या होत्या. “मग त्यांची संपत नाही का कधी?”

“काहींची संपते. मंगळाची बरीचशी गेली, त्यात या वाऱ्याचाही हात आहे. शुक्राकडे अजून ढीग आहे. आणि गुरूच्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत, तो जातं तेवढं आतून भरून काढतो.”

“कोनाचं संपलं?” चांगूमायला अर्धंच ऐकू गेलं होतं. “वांगी? संपतील कशाला? मागल्या वाफ्यान नवी लावलीत की!”

“हा तो ज्वालामुखीवाला,” मी सरांना म्हणाले.

सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “हे सगळं आधी बसवलेलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. हिरा माझ्याकडे बघत होती. “नाही. माझा प्रयोग गुळाचा होता. गूळ लाडवांत गेला.”

“तो नारळ?”

“गुळाच्या बदल्यात मिळाला. इथे जागा रिकामी ठेवत नाहीत.”

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. “उद्या सकाळी साडेनऊ ते दहाच्या मध्ये फोन करू. जवळ ठेवा. उचलला नाही तर आम्ही यादीतल्या पुढच्या नावाला करतो, तीन उमेदवार आहेत.” साबणाच्या फुग्यावाले गृहस्थ, मी मनात म्हटलं. ते नक्कीच फोन जवळ ठेवणार.

होळी ते बोळिंज, गुरुवार संध्याकाळ

बसने जाणं शक्य नव्हतं. रिक्षा करावी लागली. माझ्याकडे काय होतं ते सांगते, कारण नवऱ्याला अजून खरं वाटत नाही : नंदाखालची केळी, होळीची केळी, तो सुटलेला नारळ, न सुटलेला नारळ, वांगी, अळू, आणि स्टीलचा डबा, ज्यात माझाच गूळ तांदळाचे लाडू होऊन परत आला होता. चांगूमाय रिक्षापर्यंत आली. “लाडू मोडले तर सांग,” ती म्हणाली. “पाक घाईन केला. तू सारकी गूळ, गूळ करीत व्हतीस.”

हिराने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. बिल्डिंगचं नाव, विंग, मजला. तिला मजलाही माहीत होता.

नवऱ्याने दार उघडलं. “भाजीवालीकडे गेली होतीस की भाजीवाली होऊन आलीस?”

बोळिंज, शुक्रवार

सकाळी उठले तेव्हा केळ्यांचा वास हॉलभर होता. माणसं दोन, केळी तीन फण्या, सगळी एकदम पिकलेली, आणि वांगी एवढी की भरीत, भरलं वांगं आणि परत भरीत. टाकून देणं जमणार नव्हतं. आमच्या मजल्यावर आमच्याखेरीज तीन दारं आहेत. इतक्या वर्षांत मी तिथे फक्त चुकून आलेली कुरिअरं दिली आहेत. तीन दारं, पाच मिनिटं, असा हिशेब केला. नऊ वीसला फोन चार्जिंगला लावला, डबे भरले आणि निघाले.

४०१च्या दारातल्या काचेतून डोळा दिसला. “आम्ही काही मागवलं नाही.” मी सांगितलं की फुकट आहे, तर दार साखळीएवढं उघडलं. ४०३च्या बाईंनी डबा घेतला, थँक्यू म्हणाल्या, दार लावलं आणि मिनिटात डबा धुऊन, पुसून, रिकामा परत दिला. दोर आरपार गेला. मला तीनच मिनिटं लागली होती.

४०४ला एक काका एकटे राहतात. त्यांनी डबा उघडून पाहिला, वांग्याचा देठ हुंगला आणि म्हणाले, “थांबा.”

“राहू दे काका, डबा नंतर द्या.”

“छे! रिकामा डबा द्यायचा का? आमच्या आईने मला उभा जाळला असता. थांबा.”

ते आत गेले. डबा घेऊन गेले. कपाटं उघडल्याचे आवाज आले, मग खुर्ची सरकवल्याचा. “चिवडा होता इथे,” आतून आवाज. “परवाच केला होता.” नऊ बत्तीस. नऊ पस्तीस. मी म्हटलं, काका, मी येते. ते दुसरा डबा हातात घेऊन बाहेर आले, तो बेसनाचा निघाला, परत आत गेले.

नऊ सदतीसला आमच्या उघड्या दारातून फोन वाजला.

“अहो, फोन घ्या!” मी नवऱ्याला ओरडले.

“आंघोळीला बसलोय!” नवरा बाथरूममधून ओरडला. “आज जाळी मोकळी आहे!”

“काका, माझा फोन—”

“सापडला!” काका चिवड्याचा डबा उंच धरून आले आणि माझ्या डब्यात तो चमच्याने भरू लागले. चमचा छोटा होता. मी पाहत उभी राहिले असते तर तो फोन वाजून संपला असता, म्हणून डबा, काका आणि चमचा जागेवर सोडून पळाले. तरीही संपला. मी हातात घेतला आणि तो थांबला.

परत लावला. लागला नाही, दुसऱ्या कुणाशी बोलणं चालू होतं. फुगावाले गृहस्थ, नक्कीच. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा बाईंनी उचलला.

“अहो, तुम्ही उचलला नाहीत. सर म्हणाले, पुढच्याला लावा. मी म्हटलं, दोन मिनिटं थांबू.”

“शेजाऱ्यांकडे अडकले होते,” मी म्हटलं. दम लागला होता. “वांगी द्यायला गेले होते. ते रिकामा डबा देईनात.”

पलीकडे बाई मोठ्याने हसल्या. मग त्यांनी फोनवर हात ठेवून कुणाला तरी काही सांगितलं, आणि यावेळी सरही हसल्याचं मला ऐकू आलं. “दोन जानेवारीला रुजू व्हा,” त्या म्हणाल्या. “आणि पहिल्या आठवड्यात तो दोरीचा प्रयोग बसवू. त्या आजी मिळतील का?”

मी म्हटलं, विचारते. पण त्या आल्या तर तुमचं कॅन्टीन रिकामं राहू देणार नाहीत.

बेल वाजली. दारात काका. माझा डबा चिवड्याने भरलेला, आणि त्याच्यावर लिंबाच्या लोणच्याची एक काचेची वाटी. “चिवडा कमी पडला,” ते म्हणाले, “म्हणून हे.”

वाटी त्यांची होती. मी लोणचं आमच्या बरणीत काढलं, वाटी घासली, पुसली, आणि तिच्यात काय घालायचं ते बघायला फ्रीज उघडला.